कंबरदुखीच्या रुग्णांचे व्यायामशिक्षण : मराठवाड्यातील श्रमजीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांत खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी ही कामे तासन्‌तास वाकून करावी लागतात. कंबर दुखू लागली की अंथरुणावर पडून राहावे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रोजंदारीवरील कुटुंबात विश्रांती म्हणजे मजुरी बुडणे होय. म्हणून रुग्णाला व्यायाम कसा शिकवावा, हा प्रश्न वैद्यकीय तितकाच शैक्षणिकही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

शास्त्रीय आधार :
बहुसंख्य रुग्णांच्या कंबरदुखीमागे गंभीर विकार नसतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा कमी गुणकारी नसल्याचे दाखविले. १९९५ मधील फिनलंडच्या अभ्यासात, नुकतीच कंबर धरलेल्या रुग्णांपैकी नेहमीचे व्यवहार शक्य तितके चालू ठेवणारे लवकर सुधारले. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास मात्र नियमित व्यायामाचे महत्त्व वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी शिक्षण व व्यायाम यांची शिफारस केली. कंबरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांचा नित्य वापर करू नये, असेही सुचविले.

शिक्षणाची पद्धती :
१) भीती दूर करणे : 'मणक्यात गॅप आहे' हे शब्द ऐकून रुग्ण हालचालच टाळू लागतो. वयानुसार असे बदल वेदना नसलेल्यांतही आढळतात, हे प्रथम सांगावे.

२) शंकेचे निरसन : 'दिवसभर शेतात राबते, मग वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. श्रमात शरीर एकाच दिशेने वाकते व थकेपर्यंत वापरले जाते. व्यायामात हालचाल विविध दिशांनी, मोजून व क्रमाने वाढवीत केली जाते, हा भेद स्पष्ट करावा.

३) कृती करवून घेणे : छापील कागद देणे म्हणजे शिकविणे नव्हे. उताणे झोपून गुडघे दुमडणे, कंबर जमिनीला टेकविणे, नितंब उचलणे असे दोन-तीनच प्रकार दाखवावेत आणि 'घरी काय कराल, ते करून दाखवा' असे म्हणावे. चूक झाल्यास ती आपल्या सांगण्यातील उणीव मानावी.

४) दिनक्रमाशी सांगड : अंथरुण गुंडाळण्यापूर्वी व्यायाम, खुरपताना अधूनमधून उभे राहून मागे झुकणे, असे स्थान ठरवून दिल्यास सातत्य टिकते.

दक्षता :
सौम्य वेदना वाढल्यास घाबरू नये. मात्र कळ पायात उतरू लागल्यास तो व्यायाम थांबवून तज्ज्ञांना दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जननभाग बधिर होणे किंवा पायातील बळ घटणे ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, अकारण वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास किंवा पडण्याची दुखापत असल्यास आधी तपासणी आवश्यक आहे.

समारोप :
रुग्णाने व्यायाम केला नाही, तर दोष त्याच्या आळसाचा मानण्याची सवय आहे. विद्यार्थ्याला न समजलेल्या पाठाबाबत आपण अध्यापनपद्धती तपासतो; तोच न्याय येथे लावावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत फिजिओथेरपी तज्ज्ञांना निमंत्रित करून महाविद्यालयांना या कार्यास हातभार लावता येईल. कंबर सावरली तर मजुरी टिकते, आणि मजुरीवरच कुटुंब उभे असते.