भरलेले गाल, मोठे पोट आणि उणे असलेले विकर

चार-पाच महिन्यांचे बाळ रात्रभर झोपू लागले की घरात समाधान पसरते. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते रास्तच असते. फार थोड्या बाळांना मात्र हा लांबलेला उपवास सोसत नाही. पहाटे ते घामेजते, मलूल होते, भरभर श्वास घेते. क्वचित झटकेही येतात. गाल बाहुलीसारखे भरलेले असल्याने शंका येत नाही. पुढे आलेले पोट मात्र बाळशाचे नसून वाढलेल्या यकृताचे असू शकते.

उपाशीपोटी यकृत दोन मार्गांनी रक्ताला ग्लुकोज पुरवते: साठवलेले ग्लायकोजेन मोडून आणि लॅक्टेटसारख्या पदार्थांपासून नवे ग्लुकोज घडवून. दोन्ही मार्ग ग्लुकोज-६-फॉस्फेटपाशी येऊन मिळतात. त्यातील फॉस्फेट सुटल्याखेरीज ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. ते काम ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर करते.

एरवी स्नायूंत तयार झालेले लॅक्टेट यकृतात येते, त्याचे ग्लुकोज होते आणि ते पुन्हा स्नायूंकडे जाते. १९४७ चे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. विकर नसेल तर अडून राहिलेल्या ग्लुकोज-६-फॉस्फेटचेच लॅक्टेट होऊ लागते. लॅक्टेट संपवणारे यकृतच ते निर्माण करते! रक्तातील साखर उतरते, आम्लता चढते. फॉन गिर्के यांनी १९२९ मध्ये वर्णिलेल्या आजारात नेमके हेच विकर उणे असते, हे कोरी दांपत्याने १९५२ मध्ये दाखवले.

विशेष म्हणजे लॅक्टेट मेंदूलाही काही प्रमाणात इंधन पुरवते. त्यामुळे साखर बरीच उतरूनही मूल खेळताना दिसू शकते. म्हणून साखर, लॅक्टेट, युरिक आम्ल आणि ट्रायग्लिसराइड यांची तपासणी हवी. निश्चिती जनुकीय चाचणीने होते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी बाधित बाळ होण्याची शक्यता चारात एक असते.

तान्ह्या बाळाला रात्रीही ठरावीक अंतराने आहार द्यावा लागतो. पुढे, १९८४ पासून रूढ झालेला साधा उपाय म्हणजे कच्चे मक्याचे स्टार्च पाण्यात कालवून देणे. बाजारातील पांढरे कॉर्नफ्लोअर ते हेच. भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. ‘कच्चे कसे पचेल?’ म्हणून आजी मायेने ते शिजवतात, आणि तिथेच घात होतो. शिजवलेले स्टार्च झटपट पचते. आपल्याला हवे असते ते तासन्‌तास झिरपणारे ग्लुकोज. मात्रा तज्ज्ञांनीच ठरवावी. साखर, गूळ, मध, फळांचा रस आणि दूध यांतील फ्रुक्टोज व गॅलॅक्टोज लॅक्टेट वाढवतात, म्हणून त्यांवर मर्यादा येते. परंतु दूध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

उलट्यांमुळे स्टार्च पोटात ठरत नसेल, तर घरी थांबू नये. शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. अशा मुलाच्या पालकांनी तज्ज्ञांचे पत्र सतत जवळ बाळगावे. आजाराच्या नावाखाली त्यात ठळक लिहिलेले असावे: रिंगर लॅक्टेट हे सलाईन देऊ नये.