एनबीए २के२५ : मैदानावर पायांची खरी कमाल

‘एनबीए २के२५’ हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम ६ सप्टेंबर २०२४ ला बाजारात आला. मुखपृष्ठावर त्याच वर्षी बोस्टन सेल्टिक्सला अठरावं विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला जेसन टेटम आहे. वेगळ्या आवृत्त्यांवर एजा विल्सन आणि विन्स कार्टर झळकतात.

पहिल्या काही सामन्यांतच नजरेत भरतात ते पाय! खऱ्या एनबीए सामन्यांच्या चित्रणातून खेळाडूंच्या हालचाली घडवणारं ‘प्रोप्ले’ तंत्रज्ञान मागच्या आवृत्तीत आलं होतं. या आवृत्तीत त्याच्या जोरावर ड्रिबलिंग नव्यानं बांधलंय. त्यामुळे चेंडू घेऊन वळताना खेळाडू बर्फावर घसरल्यासारखा वाटत नाही. पाऊल टेकतं, शरीराचा भार सरकतो, मग दिशा बदलते. बचाव करणाऱ्याला चकवण्यातली मजा इथेच वाढली आहे.

शॉट मारण्यातही आता निवड आहे. जास्त जोखीम पत्करली, तर अचूक वेळ साधल्यावर मोठा फायदा. वेळ हुकली की मात्र चेंडू रिंगबाहेर. सुरक्षित पर्यायात चूक थोडी माफ होते.

पीसीवाल्यांसाठी खास आनंदाची गोष्ट म्हणजे त्यांना प्रथमच प्लेस्टेशन ५ च्या तोडीची आवृत्ती मिळाली आहे. जुन्या काळातून लीग चालवण्याच्या प्रकारात आता स्टेफ करीचा काळही आहे.

खटकतं ते आभासी चलन. गेमची पूर्ण किंमत मोजूनही स्वतःचा खेळाडू झटपट तयार करायला पुन्हा पैसे लागतात, हे चुकीचंच आहे.

नव्यानं खेळणाऱ्यांनी आधी साधे सामने खेळून ड्रिबलिंगवर हात बसवावा आणि चलनखरेदीची घाई करू नये.