तोंड वाकडं झालं की मशीन?

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागतं, एक डोळा मिटता मिटत नाही. घरात लगेच निदान होतं: ‘वारं गेलं.’ पाठोपाठ सल्ला येतो, ‘मशीन लावून घे, अमक्याचं त्यानेच सरळ झालं.’ हे मशीन कधी विजेचं असतं, कधी गालावर जेली लावून फिरवायचं अल्ट्रासाउंड. अमक्याचं तोंड सरळ झालं हे खरंच असेल. पण ते मशीनने झालं का?

अचानक तोंड वाकडं होण्याचं नेहमीचं कारण बेल्स पाल्सी. यात चेहऱ्याची नस सुजते. औषध न घेताही दहांपैकी सात जण पूर्ण बरे होतात आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत हालचाल परतू लागते. त्या काळात जो उपाय चालू असेल तो यशस्वी ठरतो, मग तो शेक असो, मशीन असो की मंतरलेला दोरा. खरं काय ते तुलनेतूनच कळतं. स्टेरॉइडची अशी तुलना झाली आहे: स्कॉटलंडमधल्या 2007 च्या चाचणीत पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेले सुमारे 94 टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे होते, न घेतलेले 82 टक्के. बेल्स पाल्सीत अल्ट्रासाउंडच्या बाजूने असा भक्कम पुरावा नाही.

म्हणून अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरींनी नस वाढते हे थोतांडच, असंही नाही. उंदरांच्या दुखावलेल्या नसांवर सौम्य लहरींचा फायदा अनेक प्रयोगांत दिसला आहे. नसेला वेढणाऱ्या श्वॉन पेशी त्यामुळे जोमाने कामाला लागतात. मात्र ‘जितका जोर तितका गुण’ हे इथे चालत नाही. 1988 च्या एका प्रयोगात चौरस सेंटिमीटरला अर्धा वॅट दिल्यावर दबलेली नस लवकर सुधारली, एक वॅट दिल्यावर उलट मागे पडली. शिवाय बेल्स पाल्सीतली सूज असते कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीत, आणि मशीन फिरतं गालावर. हाड या लहरी शोषून घेतं, परतवतं.

प्रयोगशाळेतलं यश माणसात टिकतंच असं नाही, हे हाडांच्या बाबतीत दिसलंच आहे. मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून सौम्य अल्ट्रासाउंडला अमेरिकेत 1994 मध्ये मान्यता मिळाली. 2016 मध्ये नडगीच्या फ्रॅक्चरवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र त्याचा उपयोग दिसला नाही.

अपघातात किंवा शस्त्रक्रियेत नस तुटलीच असेल, तर कोणतंही मशीन तिची दोन टोकं जोडत नाही. तिथे सर्जनच हवा आणि तोही लवकर, कारण साधारण 72 तासांनंतर पुढचं टोक विजेच्या स्पर्शाला दाद देत नाही आणि शोधायला अवघड जातं. जोडल्यावरही वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

तोंड वाकडं होऊनही कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील, हात लुळा पडला असेल किंवा बोबडी वळत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. थेट मोठं रुग्णालय गाठायचं. एरवीही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, मधुमेह असेल तर स्टेरॉइडआधी तसं सांगायचं. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी बंद करून पट्टी. बुबुळ कोरडं पडून जखम झाली, तर चेहरा सरळ झाल्यावरही नजर अधू राहू शकते.