खंडेराव होळकर गेले आणि वारसा कुणाकडे गेला?

(सिल्लोड येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

घृष्णेश्वराला तुमच्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. वेरूळच्या त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण चौंडीच्या पाटलाच्या या मुलीच्या हातात राज्य आलंच कसं? त्या गादीवर तिचं नाव मुळात कुठेच नव्हतं. आज बोलायचंय ते याच्यावर.

मल्हारराव होळकरांना गौतमाबाईंपासून मुलगा एकच, खंडेराव. 1754 साली मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. वय तिशीच्या आसपास. अहिल्याबाई तेव्हा 28 वर्षांच्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंना मात्र सासऱ्यांनी थांबवलं.

इथे वेळेचा हिशेब नीट बघा. मुलगा गेला, पण बाप अजून 12 वर्षं जगला. नातू मालेराव त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा. मल्हारराव सतत मोहिमेवर. मग घरचा कारभार बघायचा कुणी? तो सुनेकडे आला. वसुली, फौजेला रसद, कागदपत्रं, सगळं. 1765 च्या एका पत्रात ते तिला ग्वाल्हेरला जाऊन तोफांच्या कामाची व्यवस्था लावायला सांगतात. सुनेला तोफांबद्दल लिहिणारा सासरा! खंडेराव असते तर ते पत्र खंडेरावांना गेलं असतं. आणि खंडेराव मल्हाररावांच्या नंतर गेले असते, तर सुनेला ही 12 वर्षांची उमेदवारी मिळालीच नसती. नुसता वारस जाणं एक, आणि तो कधी जातो हे दुसरं. माझ्या मते इथे दुसरं जास्त महत्त्वाचं.

20 मे 1766 ला आलमपूरला मल्हारराव वारले. मालेराव सुभेदार झाला, पण वर्षभरात तोही गेला. आता सरळ वंशात पुरुष उरला नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट. सातबाऱ्यावर वारस लागतो तसं सरंजामाचं नव्हतं. फौज ठेवण्यासाठी दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम. बाप गेला की पेशव्यांकडून तो मुलाच्या नावे पुन्हा करून घ्यावा लागे, नजराणा द्यावा लागे. मुलगाच नसेल तर पुण्याला हात घालायला जागा मिळे. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं. मूल लहान म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती, हे उघड आहे. राघोबादादा फौज घेऊन उज्जैनकडे निघाले.

अहिल्याबाईंनी दत्तकाला नकार दिला. तुकोजी होळकरांना फौज घेऊन पुढे केलं, इतर सरदारांना पत्रं लिहिली आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. (बायकांच्या पलटणीची गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे, ती आज सांगत नाही. खरं काम पत्रांनी केलं.) माधवरावांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. काकांना आवर घालण्यात त्यांचाही फायदा होताच की!

त्यातून निघालेली तोड मोठी मजेदार. कारभार बाईंकडे, फौज तुकोजींकडे. तुकोजी हे मल्हाररावांचे पुत्र नव्हेत. पण माल्कमने लिहिलंय की राज्याच्या मोहोरेवर त्यांचा उल्लेख मल्हाररावांचा पुत्र असा होता, आणि ते अहिल्याबाईंना आई म्हणत. म्हणजे रक्ताचा वारस नव्हता, तो कागदावर तयार केला.

शिवाय खासगी होती. 1734 मध्ये गौतमाबाईंच्या नावे सुमारे तीन लाख उत्पन्नाचा वेगळा मुलूख करून दिला होता. तो होळकर घराण्यातल्या बाईचा, दौलतीपासून निराळा. सासूनंतर तो अहिल्याबाईंकडे आला. देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून होई. फौजेच्या पैशाला त्यासाठी हात लावावा लागत नव्हता.

इंग्लंडमधलं एक उदाहरण देतो. 1502 मध्ये युवराज आर्थर पंधराव्या वर्षी गेला. धाकटा भाऊ पुढे आठवा हेन्री म्हणून राजा झाला आणि त्याने आर्थरच्या विधवेशीच लग्न केलं. तिथे दुसरा मुलगा होता, म्हणून वारसा सरकला आणि विधवाही त्याच्याबरोबर सरकली. इथे दुसरा मुलगाच नव्हता. त्या रिकाम्या जागेत सून उभी राहिली.

ही तोड टिकली ती दोघं होती तोवर. 1795 मध्ये अहिल्याबाई गेल्या, 1797 मध्ये तुकोजी. मोहोरेवर एका माणसाची सोय झाली होती, पुढच्या पिढीची नाही. तुकोजींच्या मुलांत भांडण लागलं. काशीराव शिंद्यांच्या आश्रयाला गेले, दुसरे मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले, विठोजींना बाजीरावांनी हत्तीच्या पायी दिलं. यशवंतरावांनी 1802 मध्ये हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि वसईला इंग्रजांशी तह करून बसले. पुढच्या सप्टेंबरात आपल्या शेजारी, जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना हरवलं. होळकरांची फौज त्या दिवशी तिथे नव्हती.

श्रोत्यांतून प्रश्न: म्हणजे खंडेराव जगले असते तर असई झाली नसती?

उत्तर: नाही, इतकी लांब उडी मी मारणार नाही. कुंभेर ते असई मधे 49 वर्षं आहेत. पानिपत आहे, नारायणरावांचा खून आहे, कंपनीची वाढती ताकद आहे. एवढंच म्हणता येईल की खंडेराव जगले असते तर 1766 ला सरंजाम सरळ त्यांच्या नावे झाला असता, तुकोजी एक सरदार म्हणूनच राहिले असते आणि 1797 मध्ये त्यांच्या मुलांना भांडायला गादीच नसती.

पुढचा प्रश्न घ्या.