कुंडीला पाणी घालतो कोण?

मातीला तहान लागली हे ओळखायला पूर्वी बोट पुरे होत असे. आता आमच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत मी एक चपटा सेन्सर खोचला आहे. ओल वाढली की त्याची विद्युत्-धारिता वाढते. तो आकडा ईएसपी ८२६६ ही नखाएवढी वाय-फाय चिप वाचते आणि माती सुकली की रिलेकरवी छोटा पंप चालू करते. उघड्या धातूच्या दोन काट्यांचा सेन्सर स्वस्त मिळतो खरा. पण त्यातून वीज वाहिली की काटे ओल्या मातीत झिजत जातात.

पण वाचकहो, खरा प्रश्न पंपाचा नाही, हुकमाचा आहे! अमेरिकेत घरातले दिवे-कुलपे सांभाळणारे ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे यंत्र लोकांनी ३०० डॉलर मोजून घेतले होते. ती कंपनी २०१४ साली नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये दूरवरचा सर्व्हर बंद केला. यंत्रे धडधाकट, पण कामाची उरली नाहीत.

म्हणून पाण्याचा निर्णय मी कुंडीजवळच्या चिपवरच सोपवला आहे. इंटरनेट फक्त खुशाली कळवते. भाऊबीजेला आम्ही सारे नाशिकला असताना ते बंद पडले, तरी आईची तुळस तहानलेली राहत नाही. असे यंत्र घेताना दुकानदाराला एवढेच विचारा : इंटरनेट नसले तरी हे चालेल ना?