जुनी ‘वाइड अँगल’ दुर्बीण पारखताना

मका-भुईमूग राखायला ज्या घरची माणसे माळ्यावर बसतात, त्या घरात दुर्बीण ही चैनीची वस्तू नव्हे. नवी चांगली दुर्बीण महाग पडते, म्हणून पुष्कळजण जुनी शोधतात. अशा जुन्यांपैकी दोन तुलनेला घेऊ. एक जपानी ‘वाइड अँगल’, ७ × ३५, ११ अंशांची. दुसरी तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, येना गावच्या झाइस कारखान्यात झालेली ८ × ३०, साडेआठ अंशांची.

पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अंश म्हणजे एका नजरेत मावणारी रुंदी. २०० मीटरवरचा बांध पाहिलात तर येनाच्या दुर्बिणीत त्याचा सुमारे ३० मीटरचा पट्टा मावतो, जपानीत ३८ मीटरचा. चौरस एकराची बाजू ६४ मीटर भरते. तिच्या निम्म्याहून जास्त झाले.

ही रुंदी फुकट मिळत नाही. दूरचा विजेचा खांब मधोमध धरून स्पष्ट करा आणि दुर्बीण हळूहळू फिरवून तो कडेला न्या. जपानीत तो कडेपर्यंत जाण्याआधीच पुसट होतो, थोडा वाकतोही. येनाच्या दुर्बिणीत बराच पुढपर्यंत नीट राहतो. म्हणून जपानी टाकाऊ का? माझ्या मते नाही. कडेला आपण डुकराचे केस मोजत नाही, तिथे फक्त हालचाल टिपायची असते. काही हलले की दुर्बीण तिकडे वळवावी. पाखरांचा थवा ओळखायचा असेल तर मात्र मी येनाची घेईन.

आता उजेडाचे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ७ × ३५ मधून डोळ्यात ५ मिलिमीटरचा झोत येतो, ८ × ३० मधून पावणेचार. भर दुपारी आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, त्यामुळे दुकानात दोन्ही सारख्याच उजळ वाटतात. पारख करावी ती दिवेलागणीला! डुकरेही त्याच वेळी निघतात. भिंगावर निळसर-जांभळी झाक आहे का तेही पाहा. ती पातळ लेपाची खूण. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो, आणि आत असे दहा तरी पृष्ठभाग असतात. म्हणजे तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला.

पैसे देण्यापूर्वी पुढच्या बाजूने उजेडाकडे धरून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. एका खांबाचे दोन खांब दिसले, किंवा पाच मिनिटांत कपाळ दुखू लागले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ते काम गावात होत नाही. चष्मा लावणाऱ्यांना जुन्या वाइड अँगलची पूर्ण रुंदी सहसा दिसत नाही, डोळा काचेच्या अगदी जवळ न्यावा लागतो. साधा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून चाक फिरवा, भागते.

पावसाळ्यात ती चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नका, चामडे ओल धरते. आणि पोरांच्या हाती देताना सूर्याकडे धरू नका म्हणून बजावा; क्षणात डोळा जातो.