अ‍ॅपलने जुनं गिऱ्हाईक कसं दुखावलं?

व्हिडिओत मॅक प्रोचं उदाहरण घाईत झालं, म्हणून इथे नीट सांगतो.

डिसेंबर 2013 मध्ये अ‍ॅपलने नवा मॅक प्रो विकायला काढला. गोल डब्यासारखा, दिसायला एकदम भारी. पण तो घेणार कोण? व्हिडिओ एडिटर, साउंडवाले, थ्रीडीवाले. त्यांना आत कार्डं, हार्डडिस्क वाढवायची सोय लागायची. नेमकी तीच काढली! डबा दोन ग्राफिक्स कार्डांच्या हिशोबाने बनवला होता. पुढे जमाना एकाच दमदार कार्डाचा आला आणि त्याची उष्णता या डब्याला झेपेना. मशीन वर्षानुवर्षं तसंच पडून. 2017 मध्ये कंपनीने पत्रकारांसमोर चूक मान्य केली, पण नवा मॅक प्रो यायला डिसेंबर 2019 उजाडलं. तोवर बरेच जण विंडोजकडे गेले होते.

अ‍ॅपलला आयफोनने तारलं. आपल्याला कोण तारणार?

म्हणून तीन गोष्टी करा:

1. ज्यांचा धंदा तुमच्या मालावर चालतो, अशांची यादी काढा.
2. माल किंवा पद्धत बदलण्याआधी त्यांना विचारा.
3. उशीर होणार असेल तर तारीख सांगा. गप्प बसलात की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं.

यादी आजच करा!